पुतळ्यामागचा दरवाजा

थांबा, असे वळसा घालून कुठे निघालात? इकडे बघा. पुतळा नाही बोलत. पुतळ्याला बोलता आलं असतं तर पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या. त्याच्या पाठीमागे उभा आहे ना, तो मी. दरवाजा बोलतोय.

काही लोक मला दार म्हणतात. म्हणोत बापडे. पण दार म्हटलं की व्याकरणात मी ‘ते दार’ होतो, आणि आधीच माझी एवढी शोभा झालेली असताना निदान ‘तो’ तरी माझ्याकडे राहू द्या. म्हणून दरवाजा.

माझ्या उजवीकडे भिंत नाही, डावीकडे भिंत नाही. चौकाच्या मधोमध एक चौथरा, त्यावर एक पितळी माणूस, आणि त्याच्या पाठीशी मी, सताड उघडा. माझ्यातून गेलात तर चौकातून चौकातच पोचता. बाजूने गेलात तरी तिथेच पोचता. बाहेरून आलेले पाहुणे मला बघून मान हलवतात आणि म्हणतात, “वा! काहीतरी खोल अर्थ असणार.” खोलबिल काही नाही हो. एका शब्दाचा घोळ आहे, आणि तो कुणी घातला ते मी या उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा जन्म सुताराच्या हातून झाला, पण बाप म्हणाल तर थोरले मालक. त्यांचा कुलपांचा कारखाना होता. दारूच्या दुकानापासून देवळापर्यंत सगळ्यांना कुलूप लागतं, त्यामुळे पैसा धो धो आला. पैसा आला तसं मोठं घर आलं, घरामागे बाग आली, बागेभोवती उंच भिंत आली, आणि भिंतीच्या मागच्या अंगाला मला बसवलं. जाड लाकूड, लोखंडी पट्ट्या, वर कडी, खाली अडसर, मधे त्यांच्याच कारखान्यातलं सगळ्यात मोठं कुलूप. मला बसवून झाल्यावर थोरल्या मालकांनी चार प्रतिष्ठित माणसांसमोर मला बंद केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंद करून उद्घाटन झालेला जगात मी एकटाच असेन.

माझ्या बाहेरच्या बाजूला एक गल्ली होती. कारखान्यात कुलपं घडवणारी माणसं तिथे राहायची. कारखाना, बाजार, दवाखाना, शाळा, सगळं बागेच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर. मधे बाग आणि मी. म्हणजे ही माणसं दिवसभर कुलपं करायची आणि त्यातल्याच एका कुलपामुळे अख्ख्या भिंतीला वळसा घालून, कालव्याच्या काठाने, चिखल तुडवत घरी यायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

थोरल्या मालकांना एकच मुलगा. बाहेरगावचा कुणी मोठा व्यापारी आला की थोरले मालक पोराला बागेतल्या अवजारांच्या खोलीत कोंडायचे, नवं कुलूप लावायचे आणि म्हणायचे, “घ्या, काढून दाखवा माझा मुलगा बाहेर.” व्यापारी खटपट करायचा, हरायचा आणि हसत हसत ऑर्डर द्यायचा. एकदा ऑर्डर इतकी मोठी मिळाली की आनंदाच्या भरात सगळे जेवायला निघून गेले, आणि पोरगं आतच राहिलं. ती खोली माझ्या शेजारीच होती. पोरगं आधी ओरडलं, मग रडलं, मग गप्प झालं. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण मी स्वतःच बंद होतो, मी काय करणार?

पुढे थोरले मालक गेले आणि हा मुलगा सगळ्याचा धनी झाला. लोक त्याला धाकटे मालक म्हणायचे. थोरलं कुणी उरलं नाही तरी म्हणत राहिले. दात पडले, टक्कल पडलं, तरी धाकटेच.

धाकट्या मालकांनी पहिलं काम काय केलं? घरातल्या, बागेतल्या, कोठारातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि बागेतल्या तळ्यात भिरकावला. “आजपासून या घरात काहीही बंद राहणार नाही!” असं ओरडून ते आत जायला वळले, तर घराला कुलूप! आधी कुलपं उघडायची आणि मग किल्ल्या फेकायच्या, एवढंही सुचलं नाही. श्रीमंताच्या लहरीला क्रम नसतो. मग कारखान्यातली चांगली चांगली माणसं बोलावून त्यांच्याच कुलपांवर त्यांनाच घाव घालायला लावले. माझं कुलूप काही केल्या तुटेना, इतकं ते उत्तम. शेवटी कडीच मुळापासून उपटली. तिथे मुठीएवढं भोक पडलं, ते अजून आहे. ते भोक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर असा मी उघडलो. त्या दिवशी गल्लीतून पहिली एक कोंबडी आत आली, तिच्यामागून तिची मालकीण, आणि तिच्यामागून सगळी गल्ली. पाऊलवाट आपोआप पडली. गुलाबांच्या ताटव्यामधून, तळ्याच्या कडेने, थेट मोठ्या रस्त्यावर. माळी कुरकुरला. धाकटे मालक म्हणाले, “गुलाब सरकवा.”

आता तुम्हाला वाटेल, केवढा देवमाणूस! जरा दमानं घ्या. देवमाणूस असेल, पण त्याच्या घरी पाहुणा म्हणून जायची सोय नव्हती. कारण कडी कुठेच नव्हती, न्हाणीघरालासुद्धा. आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून ज्याने त्याने आत गाणं म्हणत बसायचं, असा नियम. धाकटे मालक स्वतः इतकं भसाडं गायचे की कावळे उडून जायचे. मोठमोठे अधिकारी त्या घरी आत बसून बालगीतं म्हणायचे, ती मी माझ्या कानांनी ऐकली आहेत.

सुटीला त्यांचा पुतण्या यायचा. सख्खा नव्हे, चुलत भावाचा मुलगा. गोरागोमटा, भांग पाडलेला, अबोल मुलगा. त्याला गायची लाज वाटायची. एक दिवस तो न गाता आत बसला आणि नेमकी कपडे पोचवायला आलेल्या बाईने दार ढकललं. पुढे काय झालं ते सांगायला नको. पण धाकटे मालक खो खो हसले, स्वयंपाकघर हसलं, संध्याकाळपर्यंत गल्ली हसली. पुतण्या कुणाशी न बोलता माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. मी उघडा होतो, पण त्याच्या मनाला त्या दिवशी जी कडी लागली ती लागली.

कपडे पोचवायला आलेली ती बाई म्हणजे इस्त्रीवाली मावशी. गल्लीत माझ्यापासून दुसऱ्याच खोलीत तिचं इस्त्रीचं टेबल. मोठ्या रस्त्यावरच्या घरांतून चुरगळलेले कपडे आणायचे, कडक इस्त्री करायची, गठ्ठा डोक्यावर घेऊन पोचवायचे. तिचा सगळा धंदा माझ्या उंबऱ्यावरून जायचा. जाताना ती, मी सताड उघडा असूनही, बोटांनी माझ्यावर टकटक करायची. आतून, कुठूनही, झाडावरून असो की तळ्यातून, धाकट्या मालकांचा आवाज यायचा, “उघडंच आहे!”

“माहीत आहे हो!” मावशी म्हणायची. “पण विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाय टाकू नये.”

रोज हेच. मला ती टकटक फार आवडायची. वाऱ्याने आपटणं वेगळं आणि कुणी बोटांनी विचारणं वेगळं.

मावशीचा नवरा आधी कारखान्यात होता. एकदा धाकट्या मालकांनी कारखान्यात सगळ्यांना विचारलं, “मी उद्यापासून कुलपांऐवजी पतंग बनवायचे म्हणतो. कसं वाटतं?” सगळे म्हणाले, “उत्तम, मालक!” हा एकटा मागून म्हणाला, “नाही.” मालकांनी त्याला जवळ बोलावलं, मिठी मारली आणि त्याच दिवशी नोकरी बदलून दिली. काम एकच. मालक जे म्हणतील त्याला ‘नाही’ म्हणायचं. “माझ्याभोवती सगळे होयबा आहेत, एक तरी नाहीबा पाहिजे,” ते म्हणाले. गावात त्याचं नाव पडलं नाहीवाला.

तर नाहीवाला सकाळी स्वच्छ सदरा घालून, बायकोनेच इस्त्री केलेला, बागेत यायचा आणि मालकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. “आज पाऊस पडेल.” “नाही.” “हत्ती पाळावा का?” “नाही.” “मी मूर्ख आहे का?” इथे मात्र बिचारा अडकायचा. घरी गेला की बायकोपुढे दिवसभर “हो, हो, आणतो, हो, करतो.” मावशी म्हणायची, “नाही म्हणायचा सगळा साठा तिकडे विकून येतात, घरी उरतोय कुठे?”

हसू येतं खरं. पण मी तेव्हाच ओळखलं होतं. नाही म्हणायचा पगार मिळत असेल तर ते ‘नाही’ नसतं, ती नोकरी असते.

मावशी मात्र बिनपगारी होती आणि तिला पुढचं दिसत होतं. मालक थकत चालले तसा पुतण्या वरचेवर यायला लागला. आता तो मोठा झाला होता, कारखाना तोच बघायचा. बागेत फिरताना तो फुलं बघायचा नाही, पावलांनी जमीन मोजत चालायचा. एके दिवशी मावशीने गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, “धाकटे मालक, एक बोलू? ही वाट गल्लीला दिली असं लिहून ठेवा. आम्हाला तुमची बाग नको, घर नको. ही पायवाट तेवढी पुरे.”

मालक तळ्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, “मावशी, कागद म्हणजेसुद्धा कुलूपच की! मी लिहिणार नाही. माझा शब्द आहे ना?”

“शब्द हवेत जातो, मालक.”

“काय रे, शब्द हवेत जातो?” मालकांनी नाहीवाल्याला विचारलं.

“नाही,” नाहीवाला म्हणाला. कामच होतं त्याचं. मालक खूश झाले. मावशीने नवऱ्याकडे असं बघितलं की माझ्या बिजागऱ्या करकरल्या.

मी धाकट्या मालकांवर प्रेम केलं, अजून करतो. त्यांनी मला मोकळं केलं. पण ही गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही. एक सही करायची होती. ज्याला पोटाची चिंता नाही त्याला तत्त्वाची चैन परवडते, आणि तिचं बिल दुसऱ्याच्या दारात येतं.

शेवटच्या आजारात मालकांनी हट्ट धरला, “मला चार भिंतींत मरायचं नाही.” म्हणून त्यांची खाट बागेत, माझ्यासमोर आणून टाकली. एका दुपारी डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली. खाटेभोवती डॉक्टर, पुतण्या, नाहीवाला, आणि गठ्ठा घेऊन निघालेली मावशी तशीच थांबलेली. मालकांनी डोळे उघडले, माझ्याकडे हात केला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, “माझ्यामागे हा दरवाजा कायम उघडा राहील.”

एवढं बोलून ते नाहीवाल्याकडे बघत राहिले. सवयीने. नाहीवाला नुसता रडत होता. मालक थोडं हसले आणि गेले. नाहीवाला ठेवल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणी नाही म्हटलं नाही.

‘माझ्यामागे’ म्हणजे मी गेल्यावर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाप म्हणतो, माझ्यामागे पोरांचं कसं होईल. त्याच्या पाठीमागे पोरं उभी असतात म्हणून म्हणत नाही. पण पुतण्याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या होत्या. त्याने स्मारक समिती काढली. स्वतः अध्यक्ष झाला, तिजोरीच्या किल्ल्या चोराच्याच हाती. समितीची बैठक बागेत माझ्यापुढेच खुर्च्या मांडून झाली. गल्लीतले लोक भिंतीशी उभे होते.

पुतण्या उभा राहिला, रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाला, “काकांची शेवटची इच्छा आपण शब्दशः पाळणार आहोत. काका म्हणाले, माझ्या मागे हा दरवाजा उघडा राहील. तेव्हा चौकात काकांचा भव्य पुतळा उभारायचा आणि हा दरवाजा इथून काढून काकांच्या मागे बसवायचा. कायम उघडा!”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही. मग भिंतीकडून मावशीचा आवाज आला, “अहो, मागे म्हणजे तसं मागे नव्हे!”

समितीत एक निवृत्त व्याकरणाचे मास्तर होते. त्यांनी चष्मा सारखा केला. “ ‘मागे’ हे शब्दयोगी अव्यय कालवाचक आहे तसंच स्थलवाचकही आहे. दोन्ही अर्थ शुद्ध आहेत.” पुतण्याने त्यांच्यापुढे चहाचा दुसरा कप सरकवला. “उलट स्थलवाचक अर्थ मूळचा म्हणावा लागेल,” मास्तर म्हणाले.

“वाद नको,” पुतण्या गोड आवाजात म्हणाला. “साक्षीदार इथेच आहेत. नाहीवाले, तुमची नोकरी समितीकडे चालूच राहणार आहे बरं का, आणि राहती खोलीही. तुम्हीच सांगा. काका हेच शब्द बोलले होते ना?”

सगळी गल्ली नाहीवाल्याकडे बघायला लागली. मी बघायला लागलो. त्याने आयुष्यभर पावसाला नाही म्हटलं होतं, हत्तीला नाही म्हटलं होतं. आता एक नाही म्हणायचं, बस. ‘शब्द हेच, पण अर्थ हा नाही.’ एवढंच.

नाहीवाल्याने सदऱ्याची कॉलर सरळ केली. इकडे तिकडे पाहिलं. आणि म्हणाला, “हो.”

खोटं नव्हतं ते. शब्द तेच होते. म्हणून तर जास्त लागलं.

लोक पांगल्यावर मावशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. “जन्मभर नाही म्हणायचा पगार खाल्लात. आणि ज्या दिवशी ते ‘नाही’ खरंच लागणार होतं त्या दिवशी तुमच्याकडे शिल्लक नव्हतं.” गठ्ठा उचलून ती माझ्यातून बाहेर गेली. टकटक केली नाही. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. “ताट वाढलंय.” “दिवा मालवा.” तोही मान हलवायचा.

मग मला चौकटीसकट उपटलं. माझ्या जागी विटा भरल्या, त्यावर गिलावा झाला. गल्लीने पुढे अर्ज केले, हातापाया पडले, कचेऱ्यांची दारं ठोठावली, पण बैल गेला आणि झोपा केला. वाट बंद म्हणजे बंद. पुन्हा तोच कालव्याचा काठ, तोच चिखल.

इकडे चौकात पुतळा बसला. धाकट्या मालकांचा धड एकही फोटो नव्हता, म्हणून मूर्तिकाराने चेहऱ्यासाठी पुतण्यालाच समोर बसवलं. ज्या माणसाने जन्मात खिशात किल्ली ठेवली नाही, त्याच्या हातात हातभर लांब किल्ली दिली, कारखान्याची जाहिरात म्हणून. खाली कोरलं, ‘मुक्त विचारांचा महामेरू’. नाव मोठं, लक्षण खोटं. आणि मला त्याच्या पाठीशी रोवलं. पहिल्या दिवशी मी पलीकडे काय आहे म्हणून वाकून पाहिलं. पलीकडे चौकच होता.

सुरुवातीला पोरं माझ्यातून पळापळी करायची, तेवढाच जीव रमायचा. मग समितीला वाटलं की लाकूड झिजेल. माझ्यापुढे दोरी बांधली आणि पाटी लावली, ‘उघड्या दरवाजातून जाऊ नये.’ ही पाटी कुणी थट्टेने लावलेली नाही. समितीत ठराव झाला, एकमताने.

पुढे वारा सुटला की मी आपटायला लागलो. अहो, भिंतीचा आधार नाही, मी काय करू? एकदा भर समारंभात वाऱ्याने मी धाडकन बंद झालो. काकांची इच्छा मोडली म्हणून समिती हवालदिल. उपाय काय काढला? मला उघडा धरून चौथऱ्याला एक साखळी ठोकली, ती माझ्या त्या जुन्या भोकातून ओवली आणि तिला कुलूप घातलं. कायम उघडा राहावा म्हणून कुलूप! किल्ली पुतण्याच्या खिशात. उघडं ठेवायलाही कुलूप विकता येतं, हे थोरल्या मालकांनासुद्धा सुचलं नव्हतं.

बागेचं काय झालं? बागेत इमारती झाल्या. तळं बुजवलं, त्यातल्या किल्ल्यांसकट. मोठं लोखंडी फाटक, दोन पहारेकरी, आणि फाटकावर सोनेरी अक्षरांत वसाहतीचं नाव, ‘मुक्तद्वार’.

मावशी आता त्या मुक्तद्वारातल्या लोकांचे कपडे आणते. कालव्याच्या काठाने एकदा घसरून पडली तेव्हापासून एक पाय ओढते. वाटेत चौकात टेकते, दोरी ओलांडून माझ्या उंबऱ्यावर बसते आणि जे काय असेल ते मलाच सांगते. एकदा हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, “आज पहारेकरी काय म्हणतो माहीत आहे? ‘मावशी, गठ्ठा घेऊन पुढून जायचं नाही. मागच्या दरवाजाने या.’ मी म्हटलं, बाळा, मागचा दरवाजा चौकात आहे. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.”

आता शेवटचं सांगतो. परवाच धाकट्या मालकांचा स्मृतिदिन झाला. दरवर्षी होतो. मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. पुतण्या आता स्वतः म्हातारा झाला आहे, आता तो पुतळ्यासारखा दिसतो की पुतळा त्याच्यासारखा, हे सांगणं कठीण. कार्यक्रमात नाहीवाल्याला स्टेजवर खुर्ची असते. जुनी गंमत म्हणून दाखवायला. पुतण्या त्याला एकदोन प्रश्न विचारतो, तो सवयीने ‘नाही’ म्हणतो, लोक हसतात, मग त्याला पाण्याचा पेला देतात. वर्षानुवर्षं हेच. मावशी कधी यायची नाही. या वर्षी गठ्ठा घेऊन जाता जाता गर्दीमुळे अडकली आणि माझ्या उंबऱ्यावर बसली.

पुतण्याचं भाषण रंगात आलं होतं. “काका मोठ्या मनाचे होते! त्यांनी सांगितलं, माझ्या मागे दरवाजा उघडा ठेवा. आपण ठेवला! आणि याला साक्षीदार आहेत आपले नाहीवाले. काय नाहीवाले, काकांची इच्छा आपण पूर्ण केली की नाही?”

नाहीवाला उठला. दरवर्षी बसूनच बोलतो, या वर्षी उठला. सदरा चुरगळलेला होता, त्याला इस्त्री कधीच बंद झाली होती. त्याने ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला. गर्दीच्या डोक्यांवरून त्याला मावशी दिसली असावी.

“नाही,” तो म्हणाला.

हशा पिकला.

“नाही!” तो ओरडला. “मागे म्हणजे मेल्यावर! मागे म्हणजे पाठीमागे नाही! ती वाट आमची होती. मी तेव्हा हो म्हटलं, ते बरोबर नाही. हे काही बरोबर नाही. नाही! नाही!”

लोक पोट धरून हसत होते. टाळ्या थांबेनात. पुतण्याही हसत हसत पुढे आला, त्याने नाहीवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, “बघा! या वयातसुद्धा काय कामावर निष्ठा आहे!” पुन्हा टाळ्या. व्याकरणाचे मास्तर तर उभे राहून वाजवत होते. आणि पाण्याचा पेला आला.

त्या सगळ्या गर्दीत एकच बाई हसली नाही.

मांडव रिकामा झाला, खुर्च्या गोळा व्हायला लागल्या, तरी ती माझ्यापाशीच होती. नाहीवाला खाली मान घालून आला. जरा लांबच उभा राहिला.

“कुणी ऐकलं नाही,” तो म्हणाला.

“मी ऐकलं,” मावशी म्हणाली. मग म्हणाली, “काय हा सदरा! उद्या काढून द्या. इस्त्री करते.”

त्याने गठ्ठा उचलायला हात पुढे केला, आणि तिने दिला. उठताना तिने बोटं वळवली आणि माझ्यावर टकटक केली. कितीतरी वर्षांनी. मी शहारलो. दोघंही थांबली. जणू पुतळ्याकडून उत्तर येणार होतं. पितळ ते, काय बोलणार?

“बंद आहे,” नाहीवाला हळूच म्हणाला.

“हो,” मावशी म्हणाली. आणि दोघं कालव्याच्या दिशेने, लांबच्या वाटेने, पाय ओढत निघून गेली.

तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे, ते तुम्हाला सांगतो आणि सोडतो. जाता जाता माझा फोटो काढाल तर काढा. पण त्या गल्लीच्या मागे एक गिलावा केलेली भिंत आहे, तिथे एका जागी गिलाव्याचा रंग जरा वेगळा दिसतो. ती माझी जागा. कुणाच्या ओळखीचा कुणी असेल तर त्याला सांगा, मला परत तिथे नेऊन बसवा. कड्या लावा, अडसर घाला, हवं तर थोरल्या मालकांचं सगळ्यात मोठं कुलूप ठोका. मी हूं की चूं करणार नाही. बंद दरवाजा निदान ठोठावता तरी येतो.